रेवा बसत नाही

विटांची भट्टी एकदा पेटली की मध्येच उघडता येत नाही. काय भाजलं आणि काय कच्चं राहिलं, ते गार झाल्यावरच कळतं.

*

लॅब्रॅडोर मादी. वय सहा, वजन एकतीस किलो. ट्रकचा फाळका जमिनीपासून सव्वाचार फूट.

*

"साखर किती, डोईफोडे साहेब?"
"पाच चमचे."
"चहा पिताय का पाक?"

*

नाक खाजवणे. भर उन्हात लांब बाह्या. बोलता बोलता डुलकी. डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, खोलीत अंधार असला तरी.

*

दुधाच्या टेम्पोला आंबूस वास यायलाच हवा. नाही आला तर जास्त लक्ष द्यावं.

*

०६:१२. कुत्राघर. ओळखलं: हो. सांगितलं: नाही.

*

ही शेवटची ओळ रेवाच्या गळपट्ट्यातली आहे. तशा तीनशे एक्क्याण्णव ओळी निघाल्या. चौकशीसाठी आलेले उपअधीक्षक पठाडे साहेब त्या छापूनच घेऊन आले होते. गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाले, "टेकाळे, वाचा." मी दोन पानं वाचली. पुढे सगळं सारखंच होतं.

मी जयमाला टेकाळे. हवालदार, श्वान पथक, हत्तीदरा नाका. इथे तीन राज्यांचे रस्ते एकत्र येतात आणि दिवसाला सहाशे-सातशे गाड्या जातात. पथकात प्रत्येक कुत्र्याला दोन माणसं असतात, एक हँडलर आणि एक सहायक. एक जण रजेवर गेला तरी कुत्र्याला परका हात लागू नये म्हणून. रेवाची हँडलर मी. सहायक उमाकांत डोईफोडे. तो मला ताई म्हणतो. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे.

नऊ जूनला सकाळी अकरा बेचाळीसला दुधाचा एक टेम्पो आला. पट्टा माझ्या हातात होता. रेवा मागच्या चाकापासून सुरू झाली, फाळक्यापाशी थांबली, नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. बसली नाही. कुत्री बसली नाही म्हणजे गाडी साफ. मी टेम्पोला जायला हात दाखवला.

कॅनच्या दुहेरी बुडात चौदा हजार ढवळ्या होत्या. ढवळी म्हणजे पांढरी गोळी, अफूच्याच घराण्यातली पण कारखान्यात बनणारी. दुखणं थांबवते, झोप पळवते, मग झोप आणते. चार दिवसांनी पलीकडच्या तालुक्यात एका वीटभट्टीवर तीन मजूर सकाळी उठलेच नाहीत. दोन भाऊ आणि त्यांतल्या एकाची बायको. टेम्पोवाला नंतर दुसऱ्या जिल्ह्यात सापडला आणि त्याने नाक्याचं नाव घेतलं. "हत्तीदऱ्याला कुत्रं हुंगून गेलं, काही बोललं नाही," असा त्याचा जबाब आहे.

०९ जून. ११:४२. नाका, गाडी क्रमांक २१४. ढवळी, गोळी. ओळखलं: हो. सांगितलं: नाही.

*

गळपट्टा बसवून चौदा महिने झाले होते. बसवायला प्रयोगशाळेतून मृण्मयी अभ्यंकर आली होती. तिशीच्या आतली, बुटांना चिखल, आधी कुत्र्यांशी बोलून मग माणसांकडे वळणारी. तिने आम्हा दोघांना समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

कुत्र्याच्या कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो. नाकातून आत जाणारा प्रत्येक वास पहिल्यांदा तिथे पोचतो. गांजाचा वास आला की तिथल्या पेशींचा एक ठेका वाजतो, हिंगाचा आला की दुसरा. त्या कुत्र्यापुरता तो ठेका बहुतेक तसाच राहतो. तिथे टपालाच्या तिकिटाएवढी तारांची जाळी बसवली की ठेका वाचता येतो. गळपट्टा तो वाचतो आणि लिहून ठेवतो. हा पहिला रकाना, ओळखलं. दुसरा रकाना अंगाचा. कुत्री बसली तर सांगितलं, नाही बसली तर नाही.

"वास ओळखणं हे एक काम आणि बसणं हे वेगळंच काम," मृण्मयी म्हणाली. "मध्ये खूप काही असतं. भूक, कंटाळा, तुमचा चेहरा."

"ताईंचा चेहरा तर लई कामाचा आहे," उमाकांत म्हणाला. "तो बघून ड्रायव्हरच खरं बोलाय लागतात. कुत्र्याची काय गरज?"

ती हसली आणि पुढचं सांगितलं. माणसाने गोळी खाल्ली की यकृत तिचे तुकडे करतं. त्यांतले काही दोन-दोन दिवस घामावाटे बाहेर येत राहतात. कुत्र्याला खिशातली गोळी आणि घामातली गोळी वेगळी कळते, आपल्याला जुडीतली मेथी आणि कढईतली मेथी कळते तशी.

उमाकांत त्यावर काही बोलला नाही. एरवी बोलला असता.

कायद्याप्रमाणे झडतीसाठी किंवा कुणाचं रक्त तपासायला बसणंच धरतात. पहिला रकाना रोज कुणाला दिसत नाही. चौकशी लागली तरच उघडायचा. म्हणून चौदा महिने तो कुणी वाचला नाही.

*

२७ एप्रिल. ११:०५. प्रशिक्षण मैदान. ढवळी, घामातली. ओळखलं: हो. सांगितलं: नाही.

त्या दिवशी मी नव्या भरतीचा वर्ग घेत होते. विषय, नशेची लक्षणं. हा वर्ग दर वर्षी मीच घेते. त्यात दोन भाग असतात. पहिला माणसाचा, दुसरा कुत्र्याचा, कारण कुत्र्यानेही हुंगता हुंगता काही चाटलं तर त्याच्यात काय दिसतं ते हँडलरला माहीत असावं लागतं. लाळ, लडखड, हाकेला उशिरा मान वळणं. तेव्हा काय टोचायचं, किती टोचायचं, डॉक्टर येईपर्यंत कसं जागं ठेवायचं.

माणसाच्या भागात उमाकांत पुढे उभा राहतो. दर वर्षीच. मी छडीने दाखवते, तो नट होतो. डुलकी घेतो, नाक खाजवतो, लडखडतो. पोरं-पोरी हसतात आणि लक्षात ठेवतात.

"डोळे बघा," मी म्हणाले आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात आडवा धरला. "सावली केली की बाहुली मोठी व्हायला हवी. नशेत असेल तर होत नाही."

पहिल्या रांगेतली शिपाई गवारे वाकून बघत होती. "मॅडम, सरांची होत नाहीये."

सगळा वर्ग हसला. उमाकांतही हसला. "सर नटच तसे आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"ऊन जास्त आहे," मी म्हणाले. "पुढचं लक्षण."

मी हात खाली घेतला. रेवा माझ्या पायाशी होती. ती उमाकांतकडे बघत होती, मग माझ्याकडे.

*

आता त्याआधीचं. दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हा गळपट्टा नव्हता.

उमाकांतची पाठ त्याच्याही आधी गेली होती. रेवा ट्रकवर स्वतः चढत नाही, फाळका उंच पडतो. तिला उचलून वर ठेवावं लागतं आणि उचलून खाली घ्यावं लागतं. दिवसाला तीस-चाळीस वेळा. हे काम सहायकाचं. डॉक्टरांनी सहा आठवडे आराम लिहून दिला, त्याने चार दिवस घेतला.

एका सकाळी मी कुत्राघरात गेले तर रेवा त्याच्यासमोर बसली होती. शेपूट स्थिर, नाक त्याच्या काखेकडे, नजर पुढे. नाक्यावर बसते तशी. बक्षिसाची वाट बघत.

"काय गं, मला पकडते का?" तो म्हणाला. मग मला म्हणाला, "काल नमुन्याच्या डब्या मीच भरल्या ताई. हाताला लागलं असंल."

हे पटण्यासारखं होतं. सरावासाठी आमच्याकडे खऱ्या मालाचे नमुने असतात, आणि ते हाताळलेल्या हातमोज्यावर कुत्रं बसू शकतं. आमच्या पथकात कुठेही न लिहिलेला एक नियम आहे. कुत्र्याने घरच्या माणसावर बसायचं नाही. बसलं तर ती चूक, आणि चूक लगेच मोडायची. कारण घरच्यांवर बसायची सवय लागली तर कोर्टात वकील विचारतो, हे कुत्रं कुणावरही बसतं का?

मी पट्टा हिसकला आणि "नाही" म्हणाले. रेवा उठली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. मी पुन्हा "नाही" म्हणाले. आठवडाभर, मग पंधरवडाभर. हातमोजे बदलले, साबण बदलला, नमुन्याच्या डब्या मी भरायला लागले. तरी ती बसायची. मी "नाही" म्हणायचे. महिन्यानंतर तिने बसणं सोडलं. नुसती थांबायची, माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि पुढे जायची.

गांजावर ती बसत राहिली, चरसवर बसत राहिली. कामाचे आकडे चांगलेच होते. ढवळीच्या नमुन्यावर सरावात ती कधी बसेनाशी झाली, तर मी वहीत "उष्णता" लिहिलं. एकदा "पोट बिघडलं" लिहिलं.

*

"सकाळी सहा बाराला कुत्राघर कोण उघडतं?" पठाडे साहेबांनी विचारलं.

"ड्यूटी रजिस्टरला असेल सर."

"रजिस्टर कोण लिहितं?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही या सगळ्याचा कंटाळा आलेला दिसत होता. "हे बघा टेकाळे. कुत्री ओळखते पण सांगत नाही. नाक उत्तम, वागणूक खराब. अशा कुत्र्यांसाठी आता नाकघर आहे."

नाकघर मी पाहिलं आहे. महामार्गाला लागून पांढरी बिनखिडक्यांची इमारत. आत छोट्या कोठड्या, प्रत्येकीत एक कुत्रं. गाड्या बाहेर थांबतात, त्यांच्यातली हवा नळीने आत येते, कपाळातली जाळी काय ते सांगते. बसायची गरज नाही, हँडलरची गरज नाही, बक्षिसाची गरज नाही. खाणं फटीतून सरकतं. काम अचूक आहे, त्यात वाद नाही. तिथली कुत्री दीड-दोन वर्षं टिकतात.

"आणि हँडलरने बिघडवलेली असेल तर?" मी विचारलं.

"तर दोष कुत्रीचा नाही. तिला पुन्हा प्रशिक्षण, नवा हँडलर. पण नुसतं 'मी बिघडवली' म्हणून चालणार नाही. कशावर बिघडवली ते समोर दिसायला हवं. गुरुवारी रांग लावू. पाच माणसं, त्यांत डोईफोडे." त्यांनी गठ्ठा उचलला. "तुम्हाला कधी कळलं, टेकाळे?"

"लिहा, माहीत नाही."

त्यांनी तसं लिहिलं.

*

बुधवारी दुपारी उमाकांत रेवाचं भांडं घासत होता. रेवा सावलीत पोत्यावर आडवी. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मी रजा टाकतो उद्या," तो भांड्याकडे बघत म्हणाला.

"तू नसलास तर काय सिद्ध व्हायचं राहतं?"

"मग येतो. आलो तरी ती बसणार नाही. तुम्हीच शिकवलंय की." त्याने नाक खाजवलं, मग आपण खाजवतोय हे लक्षात येऊन हात खाली घेतला. "बसली नाही की संपलं. गळपट्ट्याचं लिहिणं कोर्टात चालत नाही, तुम्हीच सांगता वर्गात."

"बसली नाही तर ती जाते, उमाकांत."

"कुठं?"

"कुठं ते तुला माहीत आहे."

भांडं घासायचं थांबलं. नळ चालूच होता. तो म्हणाला, "तिला एकटं खाता येत नाही. कुणीतरी बाजूला बसावं लागतं."

"हो."

"मी सोडली होती ताई. मागच्या दिवाळीत, चार दिवस. घरी सांगितलं ताप आलाय. नाकडोळे गळतात, जांभया थांबत नाहीत, पाय आपले आपण उडतात. पाठ तर बाजूलाच राहिली. पाचव्या दिवशी ट्रकवर चढवायचं होतं हिला." त्याने नळ बंद केला. "वीटभट्टीवाले पण पाठीसाठीच घेत असतील ना?"

पाणी आटत गेलेल्या ओट्यावर रेवा येऊन चाटायला लागली.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. "मी वाट बघायचो. वर्गात ती गवारे बोलली, तेव्हा वाटलं आज बोलाल."

"तू बोलायचंस."

"तेही खरं."

*

गुरुवारी सकाळी दहाला मैदानात रांग लागली. पाच जण, हात मागे. उमाकांत तिसरा. बाकीचे चौघे दुसऱ्या ठाण्यांतून आणलेले. एका बाजूला पठाडे साहेब, त्यांच्याजवळ गळपट्ट्याचं वाचन दाखवणारा छोटा पडदा हातात घेऊन मृण्मयी.

सुरू करण्याआधी ती रेवाचा गळपट्टा तपासायला वाकली आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "शिकलेलं पुसलं जात नाही, मॅडम. पहिलं खाली राहतं, दुसरं त्यावर बसतं. आणि 'करू नको' म्हणून शिकवलेलं असतं ना, ते बऱ्याचदा शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याला बांधलेलं असतं." मग उठून आपल्या जागेवर गेली.

पहिली फेरी. रेवा एक, दोन, तीन. तिसऱ्यापाशी थांबली. पडद्यावर टिंग झालं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा कोरा ठेवला, निदान मला तसं वाटलं. ती पुढे गेली. चार, पाच.

"पुन्हा," पठाडे साहेब म्हणाले.

दुसरी फेरी. टिंग. मान वळली. पुढे.

उमाकांत समोर झेंड्याच्या खांबाकडे बघत होता. त्याचा शर्ट काखेत काळा झाला होता. मानेवरचा घाम मला दहा पावलांवरून दिसत होता.

"पुरे. वर्तनदोष लिहा," पठाडे साहेब म्हणाले.

"तिसरी फेरी नियमात आहे सर," मृण्मयी म्हणाली.

त्यांनी हाताने करा करा अशी खूण केली.

हँडलरने कामावरच्या कुत्र्याकडे कधी पाठ करू नये. वर्गात हे मी पहिल्याच दिवशी सांगते. कुत्रं काय करतंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्हाला काय वाटतंय ते त्याला दिसत नाही. मी लांब पट्टा सैल सोडला, रेवाला "शोध" म्हणाले आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी राहिले.

टाकीवर हिरवं शेवाळ होतं. सिमेंटवर रेवाची नखं वाजत गेली. एक. दोन. टिंग. नखं थांबली.

ती माझ्याकडे बघत असणार. माझ्या पाठीवर, अंबाड्यावर, टोपीच्या मागच्या बाजूवर. तिथे तिला काही मिळणार नव्हतं.

पट्ट्यातला ताण हळूच खाली सरकला. कुत्रं बसलं की पट्टा असा खाली जातो. वीस वर्षांत हातांना ते पाठ झालं आहे.

पठाडे साहेबांचा कागद वाऱ्याने फडफडत होता.

"ताई," उमाकांतचा आवाज आला. "नॅपकिन."

बक्षीस म्हणून आम्ही कुत्र्याला गुंडाळलेला नॅपकिन देतो, ओढाओढी खेळायला. तो माझ्या खिशात होता. हात जात नव्हता.

"टाका ना लवकर. तीन सेकंदांच्या वर गेलं की तिला कळत नाही कशाबद्दल मिळालं." त्याने वाट पाहिली. मग स्वतःच्या खिशातला काढला असावा, कारण रेवाचं ते गुरगुरणं ऐकू आलं, फक्त खेळताना येतं ते. "शाब्बास. शाब्बास गं बाई. बरोबर आहे तुझं. ओढ. अजून ओढ."

मी वळले तेव्हा तो पाठीतून वाकून, एका हाताने कंबर धरून, तिच्याशी ओढाओढी खेळत होता. रांगेतले बाकीचे चौघे बाजूला सरकले होते. पठाडे साहेबांनी त्याला थांबवलं नाही. रेवाचं समाधान होईपर्यंत सगळे उभे राहिलो.

*

१९ जून. १०:२६. प्रशिक्षण मैदान. ढवळी, घामातली. ओळखलं: हो. सांगितलं: हो.

*

रेवा नोव्हेंबरपर्यंत पुन्हा प्रशिक्षणात आहे. तिची नवी हँडलर शिपाई गवारे. उमाकांत जिल्ह्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात आहे, बडतर्फीची नोटीस त्याला तिथेच दिली. मला आवक-जावक टेबलावर बसवलं आहे. खोटा अहवाल, कर्तव्यात कसूर, अशी दोन कलमं माझ्यावर लागली. मी दोन्ही मान्य केली. जबाबात पठाडे साहेबांनी विचारलं ते सगळं सांगितलं. जे विचारलं नाही ते सांगितलं नाही.

उमाकांतने पहिली ढवळी घेतली ती तीन वर्षांपूर्वी, पोलीस कर्तव्य मेळाव्यातून परत येताना, दुपारी, पथकाच्या जीपमध्ये. ती माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पाकिटातली होती, आणि पाकीट मी फोडून दिलं होतं.